न्हाणीघरातील गॅस गिझर व मोकळी हवा

शिक्षक बंधु-भगिनींनो,

गेल्या पौषात माझी धाकटी कन्या स्नानास गेली असता मूर्च्छित होऊन पडली. दार मोडून तिला अंगणात आणले, म्हणूनच ती वाचली. गॅसचा गिझर त्या अरुंद न्हाणीघराच्याच भिंतीवर होता आणि थंडी येते म्हणून झरोका मी स्वतः बुजविला होता.

गॅस गळाला तर वासाने कळते. परंतु अपुऱ्या हवेत ज्योत जळू लागली की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्यास रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक घट्ट जखडतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, भोवळ येते. पुढे शुद्ध हरपते.

म्हणून गिझर बाहेर, मोकळ्या हवेतील भिंतीवर, खिडकीपासून दूर बसवावा. ऊन पाणी तेवढे नळाने आत आणावे. सिलिंडर बाहेर व उभाच ठेवावा. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसल्यास वापर थांबवून जाणकाराकडून तपासणी करवावी. कोणास भोवळ आल्यास गिझर बंद करून त्यास तत्काळ मोकळ्या हवेत व तेथून रुग्णालयात न्यावे.

पेटत्या मेणबत्तीवर पेला उपडा घालून ज्वलनास हवा लागते, हे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकविले. घरी मात्र विसरलो. आपण तो प्रयोग दाखवाल, तेव्हा मुलांना एवढे अवश्य विचारा, "तुमच्या घरी गिझर कोठे बसविला आहे?"