गनीम कोणी व्हायचं?



या व्याख्यानमालेत मधुमेहावर बोला, असं मला आजवर दोनदा सुचवलं गेलं आणि दोन्ही वेळा मी ते टाळलं. आज बोलणार आहे ते एका खेळाविषयी. आमचं हिमायतनगरचं घर तीन वर्षांपूर्वी त्यात नवखं म्हणून शिरलं आणि अजूनही पुरतं जुनं झालेलं नाही. तुमच्यापैकी पुष्कळांची चौथी-पाचवी पिढी इथे नांदते आहे. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि दक्खनी, शाळेत इंग्रजी. नातवंडांना शिवाजी महाराज ठाऊक ते भिंतीवरच्या तसबिरीतून. तेव्हा आमची हकीकत तुमच्याही घरची समजून ऐका.

सूनबाईंचं माहेर कोल्हापूरचं. तिथे मर्दानी खेळाचे आखाडे आहेत. मे महिन्याच्या सुटीत तेरा वर्षांची नात आणि दहा वर्षांचा नातू मामाबरोबर सहज बघायला म्हणून गेले आणि तिथेच रमले. वस्तादांनी पहिले आठ दिवस हातात काहीच दिलं नाही, नुसता पवित्रा. पाय कुठे, गुडघा किती वाकवायचा, नजर कुठे ठेवायची. मग लाठी. त्यानंतर फरी-गदगा, म्हणजे एका हातात छोटी ढाल आणि दुसऱ्या हातात चामडं मढवलेली काठी. विटा आणि पट्टा अजून लांब आहेत. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला, फेकून पुन्हा ओढून घ्यायचा. पट्ट्याची मूठ तर कोपरापर्यंत हात झाकते. मनगट आत अडकतं, म्हणून वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. चाळीस वर्षं लोकांचे आखडलेले खांदे पाहिले, पण सांधा एवढ्या अकलेने वापरलेला क्वचितच पाहिला.

मीही पाठोपाठ कोल्हापूरला गेलो होतो, पण मनातून नाराज होतो. आम्ही जैन. घरात मुंगीलाही वाट करून देणारी माणसं. नातीच्या हातात लाठी बघून माझी सौ. तर दोन दिवस गप्पच होती. एका मुलाच्या तळहातावर लिंबू ठेवून वस्तादांनी पट्ट्याने त्याच्या दोन फाका केल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात हिशेब करत होतो की जवळात जवळ धनुर्वाताचं इंजेक्शन कुठे मिळेल. शेवटी नातीनेच मला पकडलं. "आजोबा, श्रवणबेळगोळची मूर्ती कोणी उभारली?" चावुंडरायाने. तो गंग राजांचा सेनापती होता आणि लढायाही लढला होता. आमच्या श्रावकाचारात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा संकल्पी हिंसेपासून वेगळी धरली आहे. हे मी स्वाध्यायात शंभरदा ऐकलं असेल, पण ते नातीकडून परत ऐकावं लागलं. तरी लिंबू मला अजून बघवत नाही, तो भाग सोडा.

नवख्या कुटुंबाची पहिली अडचण कपड्यांची. अमेरिकेत बर्कले इथे १९६६ साली एका घराच्या अंगणातल्या मेजवानीतून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम' नावाची संस्था उभी राहिली. तिथली माणसं युरोपच्या मध्ययुगातली नावं आणि पोशाख घेऊन जमतात, झुंजी खेळतात, आणि झुंज जिंकेल तो राजा होतो. तिथे नव्या माणसाला उसने कपडे देण्याची रीतसर सोय असते. आपल्याकडे ती सोय म्हणजे कोणाची तरी मावशी. मामींनी एका संध्याकाळीत दोन अंगरखे, शेले आणि माझ्या डोक्याला न बसणारी एक पगडी गोळा केली. अंगरख्याचं कापड नायलॉनचं होतं. शिवकाळात नायलॉन नव्हतं, तसा चहाही नव्हता. पण चहावाचून कोणाचंच चालत नाही, म्हणून नायलॉनचंही कोणी काढलं नाही.

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड अशी पदभ्रमंती ठरली. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले, ती वाट. लोक ती दोन दिवसांत चालतात: मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी. पाऊस आडवा आणि चिखल गुडघाभर. मी अर्निकाच्या गोळ्या वाटल्या. लोकांचे पाय थांबले ते गोळ्यांनी की गरम पाण्याने, हे सांगायला मी आज उभा नाही. मुक्कामाच्या घरी आम्ही रात्री जेवत नाही हे कळल्यावर त्या माउलीने आमच्यापुरती चूल दुपारीच पेटवली. सूर्यास्ताआधी भाकरी आणि कांदा न घातलेली आमटी आमच्या पानात पडली. कुठून आलात विचारलं नाही, आधी जेवा म्हणाली.

दुखरी गोष्ट त्याच रात्री घडली. पोरांनी पडवीत खिंडीची लढाई खेळायला घेतली. बाजीप्रभू ठरले, मावळे ठरले, शिवा काशीदही ठरला. माझा नातू बोलताना मधूनच 'नक्को', 'कायकू' म्हणतो. त्यावर एका मोठ्या मुलाने निकाल दिला, "हा हैदराबादचा, हा गनीम." सगळे हसले. काही मोठी माणसंही हसली. नातू खेळला, हातपाय टाकून मेलाही, आणि मग पांघरुणात तोंड घालून मला विचारू लागला, "आजोबा, आपण त्यांच्यातले ना?"

मंडळी, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी विचारला गेला आहे. पुण्याला गेलं की आपलं मराठी ऐकून, आणि इथे आपण मराठी म्हणून. मी त्याला ठाऊक होतं ते सांगितलं. पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर जो सरदार आला, तोही सिद्दीच, सिद्दी हिलाल. त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. आणि पुढे विशाळगडाला आदिलशहाच्या बाजूने मोर्चे लावून बसलेले सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी हे मराठेच. आपल्या गावात ए.सी. गार्ड्स नावाची वस्ती आहे, तिचं नाव निजामाच्या आफ्रिकन घोडदळावरून पडलं, हेही सांगितलं. आणि ज्यांना आपण वस्ताद म्हणतो, तो शब्द आपल्या शेजारच्या चाचांचा उस्तादच. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय काढले, तरी वस्ताद काही गेला नाही. सकाळी नातवाने हे सगळं त्या मोठ्या मुलाला ऐकवलं. मुलगा चांगला होता. म्हणाला, मग मी दळवी होतो.

या खेळात मुलांना घाला, असं मी सांगेन, पण गनीम कोण होतो आणि का होतो याच्यावर घरातल्या मोठ्यांचं लक्ष हवं. ते वस्तादांवर सोडून देण्याचं काम नाही.

परत आल्यावर नातू म्हणाला, महाराज आपल्या गावात आलेच नाहीत का? आले होते. १६७७ साली, दक्षिणेच्या मोहिमेवर जाताना. कृष्णाजी अनंत सभासदाने ती भेट बखरीत रंगवली आहे. भागानगर शृंगारलेलं, फौजेला रयतेच्या काडीलाही हात लावू नये अशी ताकीद, आणि अबुल हसन कुतुबशहा सामोरा येऊ लागला तेव्हा महाराजांचा निरोप की आपण येऊ नये, मीच येतो. मादण्णापंतांच्या घरी जेवण झालं, तेव्हा त्यांच्या आईने स्वतः स्वयंपाक केला. येसाजी कंकांनी हत्तीशी झुंज घेतल्याची गोष्ट लोक फार रंगवून सांगतात. ती दंतकथा म्हणून सांगावी, पण सांगावी जरूर. या प्रसंगात गनीम कोणीच नाही, आणि तो आपल्या गावचा आहे.

गेल्या गणेशोत्सवात आम्ही तो गच्चीवर केला. नात येसाजी झाली. हत्ती दोन पोरांचा. कुतुबशहा झाला खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा नातू, आजोबांची शेरवानी कापून-टाचून. तालमीत दोघांचं भांडण झालं ते आधी मिठी कोणी मारायची यावरून. सभासदाला विचारा म्हटलं, तर म्हणाले त्यांचा नंबर द्या.

यंदा पुन्हा करायचा आहे. तालीम दर रविवारी दुपारी चारला, सूर्य मावळायच्या आत संपते, खाणं आमच्याकडे. कपडे नसले तरी या, मामींनी एक पेटी भरून पाठवली आहे. मादण्णापंत मिळाले, अक्कण्णाही मिळाले. पंतांची आई मात्र अजून मिळायची आहे. तुमच्या घरात कोणी तयार असेल तर आजच मला सांगून जा.