मूठभर म्हणजे किती?

स्नातकांनो, आणि तुमच्या फीचे हप्ते भरून आज निवांत बसलेल्या पालकांनो,

धायरी फाट्यावर गाडी अडकली, म्हणून एका सोसायटीच्या कुंपणाशी, रंगाच्या रिकाम्या डब्यात फुललेली सदाफुली नीट बघता आली. फाट्यावरच्या कोंडीचे आभार मानणारा मी पहिलाच पाहुणा असेन!

कॅनडात 1950च्या दशकात ही सदाफुली तपासली ती मधुमेहासाठी. उंदरांची साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. त्यातूनच पुढे व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन आली. रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांना आजही व्हिन्क्रिस्टिन देतात, तेही फक्त शिरेतून. चुकून मणक्यात गेलं तर जीव जातो.

दुसरी गोष्ट आपल्या नंदुरबारच्या माणसाची. मनसुख वाणी, जन्म 1925. मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेले आणि तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. सालीचा अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग तपासायचा, जो चालेल तो पुन्हा फोडायचा. या रीतीने पॅसिफिक यू झाडाच्या 12 किलो मालातून जेमतेम अर्धा ग्रॅम टॅक्सॉल हाती आलं. त्याची रचना 1971 साली छापून आली आणि कर्करोगावरचं औषध म्हणून मान्यता मिळाली 1992 साली.

याच जोडीने 1966 मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं होतं. पुढे 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात सापडलं. नाव वासावरून पडलेलं. जवळून गेलात तर कारण विचारणार नाही. पण मूळ द्रव्य पाण्यात विरघळेना. क्षार करून रुग्णांना दिलं, तर मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं, आणि चाचण्या थांबल्या. रेणूत फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं अमेरिकेच्या बाजारात यायला 1996 उजाडलं. इकडे कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या रानात नरक्या अजून चोरून तोडला जातो, पोत्यांनी. झाड न मारता नुसत्या पानांतून पुरेसं द्रव्य निघेल का, या कामाला तुमच्यातलं कोणी लागलं तर मला आवडेल.

आमच्या शेजारच्या काकूंनी केमो चालू असतानाच सदाफुलीचा काढा सुरू केला होता. मी विचारलं, "पानं किती घेता?"

"मूठभर."

"मूठ कोणाची, तुमची की काकांची?"

काकू हसल्या, पण काढा सोडला नाही. चूक माझीच, मी चेष्टा केली, फाइल मागितली नाही. त्या पानात औषध आहे हे काकूंचं म्हणणं खरंच होतं. पण कोणत्या पानात किती, आणि सोबत दुसरं काय, हे त्या मुठीला कसं कळणार?

आता हा प्रश्न तुमच्याकडे येईल, बहुधा आज रात्रीच्या जेवणातच. "शिकलास ना तू, मग सांग, काढा चालेल का?" लगेच हो-नाही म्हणू नका. आधी विचारा, सध्या इंजेक्शन कोणतं चालू आहे, आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट कुठे आहे?