पत्ता आणि प्रश्नचिन्ह



शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची नोंदवही संगणकावर चढविण्याचे काम काही तरुण मित्रांनी हाती घेतले आहे. प्रत्येक नोंदीला संकेतस्थळावर स्वतंत्र पत्ता द्यावयाचा, तर तो रचावा कसा, असे त्यांनी मला विचारले. मराठीच्या प्राध्यापकाला हे का विचारावे, असे कोणासही वाटेल. परंतु हा प्रश्न निम्मा व्याकरणाचाच आहे.

पत्त्यातून माहिती दोन रीतींनी पाठविता येते. एका रीतीत मूळ पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह येते आणि मग नावानिशी जोड्या : वर्ष=१९७२, क्रमांक=४५. येथे प्रत्येक पदाला जणू विभक्तिप्रत्यय लागलेला असतो. 'रामाने रावणाला मारले' काय आणि 'रावणाला रामाने मारले' काय, मरतो रावणच. तसा जोड्यांचा क्रम उलटला तरी सहसा बिघडत नाही. दुसऱ्या रीतीत तिरप्या रेघांनी विभागलेली वाट असते : /विद्यार्थी/१९७२/४५. याला स्वच्छ पत्ता म्हणतात. ही समासाची रीत. प्रत्यय लोपतात आणि अर्थ क्रमावर येऊन पडतो. राजवैद्य निराळा, वैद्यराज निराळा. आकडे उलटे लिहिले तर यंत्र पंचेचाळीस सालातला एक हजार नऊशे बहात्तरावा विद्यार्थी शोधू लागेल.

हा समास सोडविणाऱ्याला राउटर म्हणतात. 'विद्यार्थी, मग वर्ष, मग क्रमांक' असे साचे त्याला आधीच दिलेले असतात. आलेला पत्ता साच्यावर ठेवून कोणत्या जागी काय आले ते तो ओळखतो. समजा, '/विद्यार्थी/वर्ष' या साच्याने त्या वर्षाची यादी दिसते आणि '/विद्यार्थी/नवीन' हे नव्या नोंदीचे पान आहे. पहिला साचा आधी लिहिला, तर कित्येक राउटर 'नवीन' नावाचे साल शोधत बसतात. विशेष नियम सामान्य नियमाच्या आधी ठेवावा लागतो. उत्सर्ग आणि अपवाद यांचा हा निवाडा आपल्या वैयाकरणांनी फार पूर्वी केलेला आहे, हे त्या मित्रांना सांगितले तेव्हा त्यांना मौज वाटली.

क्रमावर अर्थ सोपविण्याची युक्ती आपल्या प्रत्येक पाकिटावर आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिनकोडची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते डाक-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पांढुर्ण्याचा पिन ४८०३३४, सौसरचा ४८०१०६. पहिला ४ हा देशातील विभाग. पहिले तीन अंक मिळून टपालाच्या छटाईचा जिल्हा. शेवटचे तीन वाटपाचे डाकघर.

आता खरी अडचण. आपल्या भागाने पत्ते बदललेले पाहिले आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा निराळा झाला आणि सौसर तहसील त्यात आली. पिन तेच राहिले. नोंदवहीचे पत्ते '/छिंदवाडा/सौसर/…' असे बांधले असते, तर त्या महिन्यात सगळेच जुने ठरले असते. जुन्या पत्त्यावर आलेल्यास नव्या पत्त्याकडे कायमचे वळविण्याची सोय आहे, तिचा संकेतांक ३०१. पण ती पाटी जन्मभर सांभाळावी लागते. चांगला पत्ता बदलत नाही, असा आग्रह वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच धरला होता.

तेव्हा वाटेत काय घालावे? माझ्या मते, दाखल झाल्याचे वर्ष आणि दाखल-खारीज रजिस्टरातील क्रमांक, एवढेच. जिल्हा नको. नावही नको, विवाहानंतर आडनाव बदललेल्या आपल्या कितीतरी भगिनी येथे बसल्या आहेत. गावाचे नावही फसवे : कोणी पांढुर्णा लिहितो, कोणी पांढुरना, सौसर आणि सौंसर दोन्ही चालतात. शिवाय देवनागरी पत्ता दुसरीकडे उतरवून घेतला, की पुष्कळदा अक्षरांच्या जागी टक्केचिन्हांची माळ उमटते. एकट्या 'सौसर'च्या ३६ खुणा होतात. हे सारे प्रश्नचिन्हापुढे शोभते. '१९७२ च्या तुकडीतील सौसरचे विद्यार्थी, आडनावाच्या क्रमाने, दुसरे पान' ही नुसती विचारणा आहे. तिचे शब्द उद्या बदलले तरी कोणाची नोंद हरवत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्वच्छ पत्त्याचा साचा कोणालाही ओळखता येतो. ४५ च्या जागी ४६ लिहिले की शेजाऱ्याची नोंद. म्हणून मागणारा कोण आणि त्याला ती पाहण्याचा अधिकार आहे काय, हे यंत्राने प्रत्येक वेळी तपासलेच पाहिजे. जन्मतारीख, भ्रमणध्वनीचा क्रमांक, परवलीचा शब्द हे पत्त्यात कोठेच येऊ नयेत, प्रश्नचिन्हापुढेसुद्धा नाही; कारण पत्ता पाहणाऱ्याच्या ब्राउझरच्या इतिहासात राहतो आणि सर्व्हरच्या दैनिक नोंदीतही उतरतो.