सुई तीच, कळ कमी

दाढ काढायची म्हटलं, की दाढेपेक्षा इंजेक्शनचीच धास्ती जास्त. ही कळ नेमकी येते कुठून?

सुई टोचते क्षणभर; खरी कळ बहुतेकदा औषध आत शिरताना येते. टाळूचं आवरण हाडाला घट्ट चिकटलेलं असतं. तिथे औषध जोरात ढकललं, की जागा ताणते आणि डोळ्यांत टचकन पाणी येतं. म्हणून निष्णात दंतवैद्य घाई करत नाहीत. एक मिलिलिटर औषध द्यायला साधारण एक मिनिट घेतात. संगणकाच्या मदतीनं थेंबथेंब औषध सोडणारी यंत्रं निघाली, तीही याच तत्त्वावर.

दुसरं कारण रासायनिक. स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ साली बनवलेलं लिडोकेन हे बधिर करणारं औषध आज सर्रास वापरतात. त्याचा असर टिकावा म्हणून त्यात अ‍ॅड्रेनलिन घालतात आणि तेही टिकावं म्हणून द्रावण आम्लधर्मी ठेवतात. आपल्या रक्ताचा सामू ७.४, या द्रावणाचा जवळपास ४. मग आग होणारच! ऐन वेळी त्यात निर्जंतुक सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या सोड्याचाच भाऊबंद, मिसळला, की ती आग कमी होते.

शिवाय हिरडी पुसून कोरडी करायची, बधिर करणारं जेल लावायचं, एक-दोन मिनिटं थांबायचं आणि मग टोचताना गाल हलकेच हलवायचा. साधेच उपाय, पण गुणकारी.

तेव्हा पुढच्या खेपेला खुर्चीत बसलात, की संकोच न करता सांगा, “डॉक्टर, जरा सावकाश.”