नुसत्या शब्दांनीं भरपाई होत नाहीं



आपल्यावर झालेला जुलूम माणसाला साल-तारखेसह आठवतो. आपण केलेला मात्र आठवण करून दिली तरी आठवत नाहीं. म्हणून आज दोन्हींचा हिशेब एकाच पाटीवर मांडूं.

१९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या मुंबईसाठीं घेण्याचें ठरलें. भातखाचरें गेलीं, मिठागरें गेलीं. रास्त मोबदल्यासाठीं शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं जासईच्या परिसरांत पोलिसांचा गोळीबार झाला व पांच शेतकरी प्राणांस मुकले. पुढें १९९० सालीं घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय झाला आणि १९९४ सालीं तो जुन्या संपादनांसही लागू झाला. गेलेलीं माणसें आलीं नाहींत. पण सरकारनें ‘वाईट वाटलें’ एवढेंच म्हटलें असतें, तर कोणाची चूल पेटली असती?

आतां हाच गज घरांत लावून पाहा. भूखंड घरीं आला तेव्हां किती घरांत बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली गेली? जिनें वाटा मागितला तिला ‘आजपासून तुला माहेर नाहीं’ असें भरल्या घरांत सुनावलें गेलें. तिच्या लेकीच्या लग्नाला मामा फिरकला नाहीं. त्याच खाचरांत तिनेंही गुडघाभर चिखलांत लावणी केली नव्हती काय?

२००५ सालीं हिंदु वारसा कायदा दुरुस्त होऊन मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर उरकलेल्या वाटण्यांस ती दुरुस्ती लागत नाहीं. तेथें कायदा गप्प बसतो. भावानेंही गप्प बसावें काय? शिवाय कायदा वाटा देईल, माहेर देणार नाहीं. तें भावानेंच दिलें पाहिजे.

आमचें सांगणें थोडकें आहे. तिनें यावें म्हणून वाट पाहूं नका, तिच्या दारीं आपण होऊन जा. अपमान चारचौघांत केला असेल, तर ‘माझें चुकलें’ हेंही चारचौघांतच म्हणा. तिचा वाटा मोजून द्या. भूखंड विकला असेल तर पैशानें द्या, एकदम जमत नसेल तर हप्त्यानें द्या. साडीचोळीवर हिशेब मिटवूं नका. आणि तिनें लगेच हंसून बोलावें अशी अट तर मुळींच घालूं नका. ती चार शब्द कडू बोलेल. ते मुकाट्यानें ऐका आणि पुन्हां जा.

ज्या हातानें सरकारापाशीं न्याय मागितला, त्याच हातानें घरांत तो द्या. ओवाळणीचें ताट बहिणीच्या दारांत अडून राहिलें असेल, तर येत्या भाऊबीजेपूर्वीं तिची वाट धरा, एवढीच विनंती.