माझे वडील गाड्यांचे मिस्त्री होते

(उत्सवातील व्याख्यानाच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



'मला घडवणारी व्यक्ती' या विषयावर चार शब्द बोलावेत, असे समितीने मला सुचवले. प्रथमतः समितीचे मनःपूर्वक आभार मानतो. काशीत राहणाऱ्या मराठी माणसाला थोर नावांची उणीव नाही. गागाभट्ट इथले. राणी लक्ष्मीबाईंचा जन्म इथला. 'आज' दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर इथलेच. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांचे नाव मात्र कुठल्याही पाटीवर नाही. त्यांच्या गॅरेजवरही नव्हते, कारण गॅरेजला पाटीच नव्हती. ते माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू.

अण्णांचे गॅरेज सांगली जिल्ह्यातील तासगावला होते. गॅरेज म्हणजे पुढे पत्र्याचे छप्पर, मागे आमच्या राहण्याच्या दोन खोल्या आणि मधे एक खड्डा, ज्यात उतरून गाडीखालचे काम करता येई. फियाट, अ‍ॅम्बॅसडर, महिंद्राची जीप, मॅटॅडोर, जे येईल ते अण्णा बघत. शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सगळे हाताने आणि कानाने शिकलेले.

कानाने म्हणतो ते उगाच नाही. गाडी आली की ते लगेच पाना उचलत नसत. मालकाला इंजिन चालू ठेवायला सांगत, बॉनेटवर हात ठेवून उभे राहत आणि डोळे मिटून घेत. मी घाई केली की म्हणत, "गाडी सांगती बघ काय दुखतंय ते. आपण गप बसून ऐकायचं."

त्यांचा दुसरा नियम असा, की जे बिघडलेले नाही ते उघडायचे नाही. आणि जो भाग बदलला, तो जुना भाग वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचा. "काय टाकलं आणि काय काढलं, हे त्याला कळू दे की. पैसे त्याचे हायत." आज मी ज्या कारखान्यात काम करतो, तिथे बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद होते, तपासणी होते, सही होते. अण्णांची नोंदवही म्हणजे तो कागदाचा पुडा.

तासगाव हा द्राक्षांचा भाग. हंगामात, जानेवारीपासून पुढे, रात्री-अपरात्री दार वाजे. माल भरलेला टेंपो वाटेत बंद पडलेला असे, आणि माल सकाळी बाजारात पोहोचला नाही तर शेतकऱ्याची वर्षाची मेहनत मातीमोल. अण्णा स्वेटर चढवून, सायकलला पेटी बांधून निघत. अशा वेळी ते मजुरी ठरवत नसत आणि नंतर मागतही नसत. लोक कौतुक करत, पण उधारीची वही आईकडे होती. एका वर्षी माझी फी भरायची तारीख उलटून गेली, तेव्हा आईने ती वही अण्णांच्या ताटाशेजारी आणून ठेवली. अण्णा जेवता जेवता उठले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फीचे पैसे आणले. कुठून आणले, हे त्यांनी सांगितले नाही. आठवड्याने माझ्या लक्षात आले, की मोठा जॅक जागेवर नाही.

ते देवमाणूस होते असे मी म्हणणार नाही. तापट होते. तंबाखू सुटली नाही. आणि एक गोष्ट त्यांच्या मनाला शेवटपर्यंत लागून राहिली. माझ्या ताईला गॅरेजच्या कामाची आवड माझ्यापेक्षा जास्त होती. चौदाव्या वर्षी ती एकटी जीपचे चाक बदलत असे. दहावीनंतर तिने गॅरेजमध्ये बसायचे म्हटले, तेव्हा अण्णांनी लोकांना भिऊन नाही म्हटले. पुढे ताईने सासरी सुट्या भागांचे दुकान काढले, ते नावारूपाला आले. अण्णा तिला फोन करून भाव विचारायचे. घरात आम्हाला सांगत, "तिला मी हिथंच बसवायला पाहिजे होतं."

आमच्या भागात यंत्रकामाला कमी लेखायचे खरे तर काही कारण नव्हते. किर्लोस्करवाडी आम्हाला जवळची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर कारखान्याची वसाहत उभी केली. अण्णा ते अभिमानाने सांगत. मी मात्र शिकलो, अभियंता झालो, १९९४ साली इथल्या डिझेल रेल्वे इंजिन कारखान्यात रुजू झालो आणि अण्णांच्या काळ्या नखांविषयी मला संकोच वाटू लागला. हे सांगण्यासाठीच आज मी उभा आहे.

२००३ साली अण्णा आणि आई प्रथमच काशीला आले. गॅरेज सलग पंधरा दिवस बंद राहण्याची ती पहिलीच वेळ. कोजागिरीला आपली मंडळी जमली होती. आपल्यापैकी काही जण त्या रात्री तिथे होते. कोणीतरी आपुलकीने विचारले, "वडील काय करतात?" अण्णा उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, "त्यांचा ऑटोमोबाईलचा व्यवसाय आहे." अण्णांनी माझ्याकडे एकदा बघितले आणि हातातला दुधाचा पेला दोन्ही तळव्यांत धरला, नखे आत वळवून.

दोन दिवसांनी आम्ही दशाश्वमेध घाटावर गेलो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात हा घाट बांधला गेला आणि शेजारीच अहिल्याबाईंचा घाट आहे, असे मी आईला सांगत होतो. अण्णा पायरीवर बसून दोन दगडांमधल्या सांध्यावरून बोट फिरवत होते. "काम बघ," एवढेच म्हणाले. स्नानासाठी त्यांनी साबणाची नवी वडी आणली होती. आई म्हणाली, "गंगेत साबण लावायचा नसतो." वडी तशीच पिशवीत राहिली.

स्नानानंतर पंचगंगा घाटापर्यंत जाऊन यायला आम्ही मोटर बसवलेली नाव केली. जाताना प्रवाहाबरोबर छान गेलो. येताना, सिंधिया घाटासमोर, इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले. नाव उलटी खाली जाऊ लागली. नावेत आणखी आठ-दहा यात्रेकरू होते, ते ओरडू लागले. आईने माझा दंड घट्ट धरला. नाववाला वल्ह्यावर, आणि त्याचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा हँडल मारून मारून रडकुंडीला आलेला. कसेबसे नाव काठाला लागली.

मी अभियंता. मी म्हणालो, पंप गेला असणार, दुसरी नाव करू. अण्णा काही न बोलता पुढे सरकले. मुलाला खुणेने थांबवले, स्वतः एकदा हँडल फिरवले आणि कान खाली नेला. मग डिझेलच्या डब्यापासून निघालेल्या नळीवरून बोट फिरवत फिल्टरपाशी आले. तिथला वायसर झिजला होता. तिथून नळी हवा ओढत होती आणि डिझेल नोझलपर्यंत पोहोचत नव्हते. नवा वायसर तिथे कुठला मिळणार? अण्णांनी पिशवीतून ती साबणाची वडी काढली, नखाने थोडी खरवडली, मळून सांध्यात दाबली आणि नट आवळला. साबण पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये विरघळत नाही. खेड्यापाड्यांत गळकी टाकी अशीच बंद करतात. मग नोझलकडचा नट सैल करून मुलाला हँडल फिरवायला लावले. आधी फेस आला, मग नुसते डिझेल. नट आवळला. तिसऱ्या हँडलला इंजिन लागले.

नाववाल्याने हात जोडले आणि विचारले, "बाबूजी, आप मिस्त्री हैं का?"

अण्णा ताठ बसले होते. म्हणाले, "हाँ. तासगाव का मिस्त्री हूँ."

दशाश्वमेधला उतरताना त्यांनी पैसे घेतले नाहीत, उलट नावेचे भाडे दिले. मुलाला मात्र मोडक्यातोडक्या हिंदीत दोनदा बजावले, की साबण दोन दिवस टिकेल, वायसर उद्याच बदल. मग पायरीवर बसून थोड्या वाळूने हात घासू लागले. आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "परवा तू त्यांना दुकानदार केलंस. ते बोलणार न्हाईत, म्हणून मी सांगते."

मित्रहो, त्या संध्याकाळी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. पुढे चौदा वर्षे मिळाली, तरी मागितली नाही. २०१७ साली अण्णा गेले. अस्थींचा काही भाग मी इथे आणला आणि दशाश्वमेधहूनच नाव केली. अस्थी हातात होत्या आणि माझा कान इंजिनाकडे होता. इंजिन नीट चालले होते. मला तेव्हा रडू आले.

आता ते आवाजही कमी होत चालले आहेत. २०२१ पासून इथल्या नावांना डिझेलऐवजी सीएनजीची इंजिने बसू लागली. आपल्या कारखान्यातून १९६४ साली पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले होते. २०२० साली त्याचे नाव बनारस रेल इंजिन कारखाना झाले, आणि आज तिथे प्रामुख्याने विजेची इंजिने बनतात. हवेसाठी आणि गंगेसाठी हे चांगलेच आहे. अण्णाही तेच म्हणाले असते. पण नवे इंजिन असले तरी बिघडणार, आणि ते आधी ऐकून घेणारा कोणीतरी लागणार.

तासगावला भाद्रपद शुद्ध पंचमीला गणपतीचा रथ निघतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या मंदिरापासून काशीविश्वेश्वराच्या मंदिरापर्यंत माणसे तो दोरांनी ओढत नेतात. लेक बापाच्या भेटीला जातो, असे आमच्याकडे म्हणतात. अण्णा दरवर्षी गॅरेज बंद ठेवून त्या दोराला हात लावत. माझ्या बाबतीत उलटे झाले. बाप लेकाच्या भेटीला काशीला आला आणि लेकाने त्याची ओळख लपवली.

कोजागिरीला ज्यांनी तो प्रश्न विचारला होता, ते आज सभागृहात आहेत. त्यांना उत्तर द्यायचे राहिले होते, ते आज गणरायासमोर देतो. माझे वडील गाड्यांचे मिस्त्री होते.

गणपती बाप्पा मोरया!