पतीचा आंकडा



पत हा शब्द सांगलीकरांस नवा नाहीं. हळदीच्या पेठेंत अडत्यानें शेतकऱ्यास उचल द्यावयाची ती त्याचें शिवार पाहून, वडिलांचा व्यवहार आठवून आणि थोडीशी त्याच्या तोंडाकडे पाहून. आज मात्र दुचाकीसाठीं कर्ज मागणाऱ्या तरुणास बँकेंतला कारकून पहिलाच प्रश्न करतो, "तुमचें सिबिल किती?" सिबिल हें वस्तुतः सन २००० मध्यें स्थापन झालेल्या एका कंपनीचें नांव, पण वनस्पति तुपास सरसकट डालडा म्हणावें, तसें पतीच्या आंकड्यालाच तें पडलें आहे. २००५ च्या कायद्यान्वयें चालणाऱ्या अशा चार कंपन्या आज देशांत आहेत.

बँका आपल्या कर्जदारांच्या खात्यांची हकीकत या कंपन्यांस नियमानें कळवितात, आणि तीवरून ३०० ते ९०० पर्यंत गुण पडतात. हप्ता वेळेवर गेला कीं नाहीं, याला मोठें वजन. क्रेडिट कार्डाची मर्यादा किती वापरली, थोड्या दिवसांत किती ठिकाणीं अर्ज केले, हेंही पाहतात. पगार, ठेवी, घराणें यांना गुण नाहींत. अडत्याच्या नजरेपेक्षां हा हिशेब मला न्याय्य वाटतो. आडनांव ऐकून उचल नाकारलेली माणसें मीं पाहिलीं आहेत. मात्र अवर्षणाचें वर्ष सांभाळून घेणारी ओळखही येथें नाहीं.

जन्मांत कर्ज न काढणें यास आमच्या पिढीनें सद्गुण मानलें. अशा माणसाचा आंकडाच निघत नाहीं! केवळ पूर्वीची नोंद नाहीं म्हणून त्यास नकार देऊं नये, असें रिझर्व्ह बँकेनें जानेवारी २०२५ मध्यें बँकांस सांगितलें आहे.

मला खरी काळजी वाटते ती जामिनाची. मेहुण्याच्या किंवा शेजाऱ्याच्या कागदावर सही करणें हा आपल्याकडे भिडेचा मामला. पण जामिनाचीही नोंद आपल्या अहवालांत होते. मूळ कर्जदारानें हप्ते थकविले, तर जामीनदाराचाही आंकडा उतरूं शकतो. आणि मुलीच्या शिक्षणासाठीं तो स्वतः बँकेंत जातो, तेव्हां त्यास तें प्रथम कळतें. तडजोडीचेंही तसेंच. बँकेनें कांहीं रक्कम सोडून खातें मिटविलें, तर अहवालांत तें 'तडजोडीनें मिटलें' असेंच दिसतें. 'पूर्ण फिटलें' असें नव्हे.

सन १८७५ मध्यें सुपें येथून सुरुवात होऊन पुणें व नगर भागांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. पुढें १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. तो सातारा जिल्ह्यास लागू होता, आणि आपले वाळवें व तासगांव हे तालुके तेव्हां त्याच जिल्ह्यांत होते. सावकारानें पावती द्यावी, कुळानें मागितल्यास हिशेब दाखवावा, असें त्यांत होतें. कारण वही सावकाराच्या घरीं, आणि तींत काय लिहिलें आहे हें कुळास ठाऊक नसे.

आजची वही तर कोणाच्या ओसरीवरही नाहीं. तरी ती पाहण्याचा हक्क आपणांस आहे. २०१७ पासून प्रत्येक कंपनीनें वर्षांतून एकदां पूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे. चूक आढळल्यास तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल न लागल्यास त्यापुढें दररोज १०० रुपये भरपाई, असा नियम २०२४ पासून आहे. अहवाल हातीं आला कीं आंकडा मागाहून पाहावा. आधीं खात्यांची यादी वाचावी, न काढलेलें कर्ज आपल्या नांवावर नाहीं ना हें पाहावें, आणि आपण कोणाकोणास जामीन आहों तीं खातीं शोधावीं.